फादर ज्युलियस न्यूलंड : प्रयोगशाळेतील धर्मगुरू

मोटारीच्या इंजिनाजवळून तेल वाहून नेणारी काळी नळी, थंड समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या अंगावरचा घट्ट पोशाख, चपलांचे तळ चिकटवणारा उग्र वासाचा द्रव, मोठ्या पुलांच्या तुळया ज्यांवर टेकतात त्या जाड गाद्या, अशा अनेक ठिकाणी निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर वापरले जाते. या रबराचा उगम शोधत मागे गेल्यास आपण अमेरिकेतील एका कॅथॉलिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणि तेथे आयुष्य वेचलेल्या एका धर्मगुरूपर्यंत पोहोचतो. त्यांचे नाव फादर ज्युलियस आर्थर न्यूलंड. याच धर्मगुरूंनी विद्यार्थिदशेत केलेल्या एका प्रयोगाच्या नोंदीतून पुढे युद्धासाठी एक भयंकर विषही तयार करण्यात आले. एकाच वायूच्या अभ्यासातून निघालेल्या या दोन वाटा ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. चरित्रलेखक बहुधा पहिल्या वाटेवर रमतात व दुसरीचा उल्लेख ओझरता करतात. येथे तसे करण्याचे प्रयोजन नाही.

ज्युलियस न्यूलंड यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८७८ रोजी बेल्जियम देशातील घेंट शहराजवळच्या हान्सबेके या गावी एका फ्लेमिश कॅथॉलिक कुटुंबात झाला. ते अवघे दोन वर्षांचे असताना, १८८० मध्ये, आईवडिलांनी मायदेश सोडून अमेरिकेची वाट धरली आणि इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे बिऱ्हाड थाटले. या भागात बेल्जियमहून आलेल्या श्रमिकांची चांगली वस्ती होती. त्याच गावाच्या वेशीवर नोत्र दाम विद्यापीठ होते. फ्रान्समध्ये फादर बाझिल मोरो यांनी १८३७ साली स्थापन केलेल्या पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरँ यांनी १८४२ मध्ये तळ्याकाठच्या रानात ते उभारले होते. हा संघ आपल्या उपखंडाला अनोळखी नाही; १८५३ पासून त्याचे मिशनरी पूर्व बंगालमध्ये कार्यरत आहेत.

याच विद्यापीठातून तरुण ज्युलियस १८९९ मध्ये पदवीधर झाले. पदवीचे विषय होते लॅटिन व ग्रीक! पुढे रसायनशास्त्रात नाव कमावणाऱ्या माणसाची सुरुवात अभिजात भाषांनी व्हावी याचे आज नवल वाटेल, परंतु धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणासाठी त्या काळी तोच राजमार्ग होता. पवित्र क्रूस संघात प्रवेश करून त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते स्वीकारली. १९०३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. या तीन व्रतांपैकी पहिले पुढे त्यांच्या विज्ञानकार्याशी अगदी व्यावहारिक रीतीने येऊन भिडणार होते.

उच्च शिक्षणासाठी संघाने त्यांना वॉशिंग्टन येथील कॅथॉलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका या विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र असे दोन्ही विषय अभ्यासले. वनस्पतिशास्त्रात त्यांना एडवर्ड ली ग्रीन यांचे मार्गदर्शन लाभले. ग्रीन हे मूळचे एपिस्कोपल पंथाचे धर्मसेवक. मध्यवयात ते कॅथॉलिक झाले होते आणि पश्चिम अमेरिकेच्या वनस्पतींचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती. रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते फादर जॉन ग्रिफिन. त्यांच्या हाताखाली फादर न्यूलंड यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी अॅसिटिलीन हा वायू निवडला.

हा वायू आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडले की जो उग्र वासाचा वायू निघतो तोच हा. वेल्डिंगच्या दुकानात प्राणवायूच्या जोडीने जळणारी निळी-पांढरी ज्योत याचीच, आणि फळे लवकर पिकविण्यासाठी कार्बाइड वापरण्याची जी घातक चाल आपल्या बाजारपेठांत पडली, आणि जिच्यावर कायद्याने बंदी आहे, तिच्या मुळाशीही हाच वायू आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन व हायड्रोजनचे दोन अणू असतात. दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असल्यामुळे हा रेणू इतर पदार्थांशी संयोग पावण्यास सदैव उत्सुक असतो. हा वायू कशाकशाशी संयोग पावतो आणि त्यातून काय निपजते हे पाहणे, असा फादर न्यूलंड यांच्या प्रबंधाचा विषय होता.

या मालिकेतील एका प्रयोगात त्यांनी अॅल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने अॅसिटिलीनचा संयोग आर्सेनिकच्या क्लोराइडशी घडवून आणला. आर्सेनिक म्हणजे ज्याच्यापासून सोमल हे जुने विष बनते ते मूलद्रव्य. पात्रात काळपट, चिकट असा पदार्थ तयार झाला. त्याच्या वाफा इतक्या विषारी होत्या की फादर न्यूलंड आजारी पडले आणि त्यांना काही दिवस रुग्णालयात काढावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी हा प्रयोग पुढे न नेण्याचे ठरविले. मात्र संशोधकाच्या प्रामाणिकपणाला अनुसरून त्याची नोंद प्रबंधात राहिली. १९०४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि प्रबंध ग्रंथालयाच्या फडताळात जाऊन बसला.

नोत्र दामला परतल्यावर संघाने त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन सोपविले. १९०४ ते १९१८ अशी चौदा वर्षे ते हा विषय शिकवीत राहिले, आणि मनापासून शिकवीत राहिले. साउथ बेंडच्या परिसरातील दलदली, तळी, रेताड माळ पायाखाली घालून त्यांनी वनस्पतींचे नमुने गोळा केले. १९०९ मध्ये त्यांनी मध्य-पश्चिम अमेरिकेच्या निसर्गास वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. 'अमेरिकन मिडलंड नॅचरलिस्ट' या नावाने ते शतकाहून अधिक काळ प्रसिद्ध होत आले आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या वादात त्यांनी आपले गुरू ग्रीन यांची बाजू घेतली. लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापूर्वी दिलेली नावेही ग्राह्य मानावीत असे ग्रीन यांचे मत होते. आंतरराष्ट्रीय नियमांनी १७५३ हीच मर्यादा कायम ठेवली, म्हणजे या वादात गुरुशिष्यांची हार झाली. परंतु आयुष्याच्या संध्याकाळी ग्रीन यांनी आपला अमोल ग्रंथसंग्रह आणि वाळविलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह नोत्र दामच्या स्वाधीन केला. तो संग्रह आज ग्रीन आणि न्यूलंड या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

या काळात रसायनशास्त्र त्यांच्यासाठी फावल्या वेळेचे काम होते. वर्ग, संपादन आणि धर्मगुरूची नित्यकर्मे आटोपून उरलेल्या तासांत ते अॅसिटिलीनकडे वळत. १९०६ मध्ये तांब्याच्या व अल्कधर्मी धातूंच्या क्लोराइडांच्या मिश्रणातून अॅसिटिलीन सोडीत असताना त्यांना एक निराळाच वास आला. तो अॅसिटिलीनचा नव्हता, तसेच त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याही पदार्थाचा नव्हता. काही तरी नवे तयार होत होते, पण इतक्या अल्प प्रमाणात, की ते वेगळे करून तपासणे अशक्य होते. एखाद्याने हा वास विसरून दुसरे काम हाती घेतले असते. फादर न्यूलंड मात्र त्या वासाचा माग जवळजवळ पंधरा वर्षे काढीत राहिले.

ते या शोधात गुंतले असताना युरोपात पहिले महायुद्ध पेटले. १९१५ पासून विषारी वायूंचा वापर सुरू झाला, आणि १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तिनेही अशा अस्त्रांचे संशोधन हाती घेतले. त्यासाठी ज्या प्रयोगशाळा लष्कराने वापरल्या त्यांत वॉशिंग्टनचे कॅथॉलिक विद्यापीठही होते. तेथील एका गटाचे प्रमुख कॅप्टन विनफर्ड ली लुईस यांना १९१८ मध्ये फादर ग्रिफिन यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची आठवण करून दिली. फडताळातील तो प्रबंध बाहेर आला. लुईस यांनी त्या काळपट राळेतून विषारी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले : लुइसाइट. जिरेनियमच्या पानांसारखा वास असलेले हे द्रव्य त्वचेवर पडताच दाह करते, फोड आणते, डोळे व फुप्फुसे निकामी करते. ओहायो राज्यातील विलोबी येथे त्याचे गुप्त उत्पादन सुरू झाले. परंतु नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला आणि त्या युद्धात त्याचा प्रत्यक्ष वापर झाला नाही.

याचा दोष फादर न्यूलंड यांना देता येईल काय? त्यांनी विष शोधण्याचा हेतू धरला नव्हता, धोका दिसताच ते थांबले होते आणि पुढील कामात त्यांचा हात नव्हता. उलट, प्रबंधाकडे बोट दाखविणारी व्यक्तीही धर्मगुरूच होती, हे कटू सत्य लपविण्यात अर्थ नाही. राष्ट्रप्रेमाच्या त्या लाटेत फार थोड्यांना त्यात वावगे वाटले. प्रस्तुत लेखकाला वाटते की, थांबणे हा एका माणसाचा निर्णय असतो, पण छापलेली नोंद सर्वांची होते. फादर न्यूलंड यांना पहिली गोष्ट साधली, दुसरी त्यांच्या हाती नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी लुइसाइटवर उतारा शोधला. तो उतारा आर्सेनिक व पाऱ्याच्या विषबाधेवर तसेच शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन रोगावर औषध म्हणून उपयोगी ठरला. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने लुइसाइटला सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत टाकले आहे. तरीही जपानी सैन्याने चीनमध्ये मागे ठेवलेल्या शस्त्रसाठ्यांत ते एकविसाव्या शतकातही सापडत आले आहे.

१९१८ मध्येच फादर न्यूलंड वनस्पतिशास्त्र सोडून सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांत एक नाव अमेरिकेत त्यांच्याहून कितीतरी अधिक गाजले : नूट रॉकनी. नॉर्वेत जन्मलेले हे गरीब घरचे लुथरन तरुण १९१४ मध्ये औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन फादर न्यूलंड यांचे सहायक झाले व रसायनशास्त्र शिकवू लागले. परंतु रॉकनी यांचा जीव अमेरिकन फुटबॉलमध्ये गुंतला होता. १९१८ मध्ये ते विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्या खेळाच्या इतिहासात अजरामर ठरले. १९२५ मध्ये त्यांनी कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि १९३१ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. रसायनशास्त्राने एक होतकरू प्राध्यापक गमावला खरा, पण नोत्र दामच्या चाहत्यांनी त्याबद्दल कधी खंत केल्याचे ऐकिवात नाही.

इकडे त्या वासाचा माग अखेर लागला. १९२१ च्या सुमारास फादर न्यूलंड यांनी तांब्याचे क्लोराइड आणि नवसागर यांचा संहत द्राव उत्प्रेरक म्हणून वापरला, तेव्हा नव्या पदार्थाचे प्रमाण वाढले. अॅसिटिलीनचे तीन रेणू एकमेकांस जोडून डायव्हिनिल अॅसिटिलीन नावाचा द्रव तयार होत होता. त्यावर गंधकाच्या क्लोराइडची क्रिया केली असता रबरासारखा लवचिक पदार्थ मिळे. मात्र तो फार मऊ असल्याने उपयोगाचा नव्हता, आणि मूळ द्रव तर स्फोटक होता.

१९२५ च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अमेरिकन केमिकल सोसायटीने सेंद्रिय रसायनशास्त्राची परिषद भरविली. तेथे फादर न्यूलंड यांनी आपले निष्कर्ष मांडले. श्रोत्यांत डू पॉण्ट या बलाढ्य रसायन कंपनीचे एल्मर बोल्टन बसले होते. बोल्टन यांना कृत्रिम रबराचा ध्यास लागला होता आणि त्याला कारणही तसेच होते. जगातील बहुतेक नैसर्गिक रबर आग्नेय आशियातील मळ्यांतून येई. ब्रिटिशांनी १९२२ मध्ये मलाया व सिलोनच्या रबराच्या निर्यातीवर नियंत्रण घातले होते आणि १९२५ मध्ये रबराचे भाव कडाडले होते. मोटारींचा देश असलेल्या अमेरिकेला हे परावलंबन खुपत होते. बोल्टन यांनी परिषदेतच या धर्मगुरूंशी बोलणी केली. पुढे करार होऊन फादर न्यूलंड कंपनीचे सल्लागार झाले. आपला पेशा मात्र त्यांनी बदलला नाही. ते नोत्र दामच्या वर्गातच शिकवीत राहिले.

धर्मगुरूने कृत्रिम रबर शोधले असे एका वाक्यात सांगणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी क्रियेवर ताबा मिळवून तीनऐवजी दोनच रेणू जोडलेले मोनोव्हिनिल अॅसिटिलीन मिळविले. पुढे नायलॉनचे जनक म्हणून प्रसिद्धी पावलेले वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातील अर्नोल्ड कॉलिन्स यांना एप्रिल १९३० मध्ये या पदार्थावर काम करीत असताना एक अनोळखी द्रव मिळाला. तो राहू दिला असता आपोआप घट्ट झाला आणि टेबलावर आपटताच चेंडूसारखा उसळला. हायड्रोजन क्लोराइडशी संयोग होऊन क्लोरोप्रीन तयार झाले होते व त्याचे रेणू एकमेकांत गुंफून रबर बनले होते. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात दोन निबंध एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. अॅसिटिलीनचे रेणू कसे जोडावेत हे सांगणाऱ्या पहिल्या निबंधावर आरंभीचे नाव फादर न्यूलंड यांचे होते, तर रबराविषयीच्या दुसऱ्यावर कॅरोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. ही विभागणी न्याय्य होती असेच म्हणावे लागते. किल्ली धर्मगुरूंनी घडविली, दार इतरांनी उघडले.

नवे रबर नैसर्गिक रबराहून महाग होते. तरीही त्याला गिऱ्हाईक मिळाले, कारण ते तेलात फुगत नसे आणि ऊन, उष्णता व हवेतील ओझोन यांनी नैसर्गिक रबराप्रमाणे चिरा पडून खराब होत नसे. पेट्रोलच्या नळ्या, विजेच्या तारांची आवरणे, यंत्रांतील गास्केटे यांसाठी हेच गुण हवे होते. १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकल्यावर अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला, त्या वेळी निओप्रीनचे मोल आणखी वाढले. टायरांचा मुख्य भार मात्र निराळ्या जातीच्या कृत्रिम रबराने उचलला.

शोधाच्या पेटंटांबद्दल कंपनीकडून जे मानधन येऊ लागले त्यातील एक पैही फादर न्यूलंड यांची नव्हती. दारिद्र्याच्या व्रतानुसार संन्यस्ताची कमाई त्याच्या संघाची असते. त्यामुळे ही रक्कम संघाकडे व विद्यापीठाकडे गेली. ते स्वतः पूर्वीप्रमाणेच संघाच्या घरात राहिले, इतर फादरांच्या पंक्तीला बसले. जगभरच्या अनेक संशोधकांची आयुष्ये पेटंटांच्या खटल्यांत झिजली आहेत. त्यांच्या तुलनेत या माणसाच्या वाट्याला जी शांतता आली ती त्या व्रताचेच फळ होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सन्मान उशिरा आले, पण आले. १९३५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेने त्यांना निकोल्स पदक दिले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९३६ रोजी, ते वॉशिंग्टनच्या त्याच कॅथॉलिक विद्यापीठात गेले असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ज्या वास्तूत तरुणपणी अॅसिटिलीनशी त्यांची गाठ पडली तेथेच त्यांचा प्रवास संपला. पार्थिव नोत्र दामला आणून संघाच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. तेथे सर्व धर्मगुरू व ब्रदर यांच्या थडग्यांवर एकसारखेच साधे क्रूस आहेत.

विद्यापीठाने पुढे आपल्या विज्ञानभवनास त्यांचे नाव दिले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक कीर्तिमंदिरात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. त्यांच्या हयातीत हे रबर ड्यूप्रीन या व्यापारी नावाने विकले जात असे. कंपनीने ते नाव सोडून निओप्रीन हा शब्द रूढ केला तो १९३६ च्या अखेरीस, त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी.